मनी प्लांटच्या डब्यातला चोथा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जाणारा माणूस. कोणाच्या अंगात आलं म्हणून सांगितलं तर आजही मला हसूच येतं. तरी हे लिहितोय, कारण सांगायला घरात कोणी नाही...

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी अंबरनाथला एका वर्कशॉपमध्ये फिटर होतो. बायको, सुमन, उल्हासनगर कॅम्प एकच्या भाड्याच्या खोलीत काविळीने गेली. बदलापुरात खरवईला आमच्या ब्लॉकचं काम चालू होतं. तो तिला बघायला मिळालाच नाही. मी एकटा राहायला आलो, सोबत पत्र्याच्या डब्यातला तिचा मनी प्लांट.

त्याची फांदी कॅम्पातल्या शेजारच्या सिंधी भाभीने दिलेली. "इसको कुछ नहीं मांगता, पानी डालो बस." सुमन मात्र रोज चहाचा चोथा धुऊन त्यात घालायची. "अहो, साखर राहिली की मुंग्या होतात." चहात बडीशेप टाकायची सवयही तिला भाभीनेच लावली होती. मी चिडवायचो, "हा चहा आहे की मुखवास?"

खरवईत मी चहा करणंच सोडलं. एकट्यासाठी कोण स्टोव्ह पेटवणार! टपरीवर प्यायचो. घरात पावडर नव्हती, बडीशेप तर नाहीच.

एका संध्याकाळी कामावरून आलो, कुलूप काढलं, झाडाला पाणी घालायला गेलो — तर डब्यात चोथा. ओला, धुतलेला. आणि त्यात बडीशेपेचे दाणे!

किल्ली एकच, माझ्या खिशात. समोरच्या वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, दाराला तुमचं कुलूप. मी काय भिंतीतून येऊ?"

मग रोजच. घाबरलो? छे! उलट ओव्हरटाइम सोडून घरी यायला लागलो. दार उघडण्याआधी उगाच घसा खाकरायचो.

एका रविवारी वाटलं, ती एवढं करते, तर आपणही करावं. पावडर आणली, बडीशेप आणली, दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्यायलो. चोथा धुऊन डब्यात घातला.

त्यानंतर डब्यात फक्त माझाच चोथा.

पुन्हा चहा बंद करून बघितला. पावडर वहिनींना देऊन टाकली. कुलूप काढलं की चपला न काढता आधी डब्यात बघायचो... पण नाही. काहीच नाही.

कोण यायचं, कसं यायचं, मला आजही सांगता येत नाही. वेल आता खिडकीभर झालीय. एवढंच वाटतं — त्या रविवारी मला चहा करायची काय घाई होती!