उताराची सायकल

कमरेखालचं अंग लुळं पडलं तेव्हा काका ऐन तारुण्यात होता. डोंगरउतारावरून सायकल सोडायची, मातीचा उंचवटा आला की हवेत झेप घ्यायची, हे त्याचं वेड. अशाच एका झेपेनंतर तो पाठीवर आपटला, तो पुन्हा उभा राहिलाच नाही. तेव्हापासून थोरल्या भावाच्या घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, त्याची चाकांची खुर्ची. सायकलवाला वाकडी झालेली चाकं त्याच्याकडे पाठवी आणि काका एकेक तार ताणून त्यांचा आऊट काढून ती सरळ करून देई. त्याची आंघोळ, त्याचं अंथरूण, सगळं वहिनी करी. पण तिने कधी तोंडातून ब्र काढला नाही.

म्हणून त्या सकाळी ती दारात येऊन म्हणाली, "भावजी, आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही," तेव्हा काकाने हातातलं चाक खाली ठेवलं.

गोष्ट होती तिच्या लेकीची. पोरीच्या पायाला भिंगरी, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. छापखान्यात नोकरीला लागली होती, आणि आता स्वतःच्या पगारातून उताराची सायकल घेणार म्हणून हटून बसली होती.

"माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल," वहिनी म्हणाली. "निदान तुमच्याकडे बघून तरी."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. काका एवढंच म्हणाला, "समजावतो."

समजावायलाच तो तिच्याबरोबर दुकानात गेला. भिंगरीने सायकल आधीच हेरून ठेवली होती: लालभडक, हलकी, फक्त पुढे सस्पेन्शन असलेली.

"हिच्यावरून उड्या मारणार?"

"सगळे मारतात."

"तू मारल्या आहेस कधी?"

ती खाली बघत म्हणाली, "मैत्रिणीच्या सायकलवर. पुष्कळदा. आईला सांगू नकोस."

म्हणजे पोरगी थांबणार नव्हतीच.

"ही नको," तो म्हणाला. "मागेही सस्पेन्शन हवं. नाहीतर खाली आलीस की सगळा दणका कण्यात जातो."

कण्यात म्हटलं आणि भिंगरीची नजर त्याच्या खुर्चीकडे गेली. दुकानदार उगाच दुसरीकडे काहीतरी आवरू लागला.

मग काकाने एकेक सायकल काढायला लावली. भिंगरीला बसवलं, उभं केलं, गुडघे कुठे येतात ते पाहिलं. "पुढचं चाक जरा पुढे काढलेलं हवं, म्हणजे उतारावर तोंडघशी पडणार नाहीस. ब्रेक एका बोटाने लागला पाहिजे. टायर रुंद." हनुवटीपर्यंतचं हेल्मेट घ्यायला लावलं, पाठीचं चिलखत घ्यायला लावलं. त्या सगळ्या वेळात त्याला स्वतःच्या पायांची आठवणही झाली नाही. घरी परतताना ते ध्यानात आलं, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

वहिनीने सायकल पाहिली, मग त्याला.

"तुम्ही निवडून दिलीत?"

"वहिनी, ती तशीही..."

"विचारलं तेवढं सांगा."

"हो."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेना. पाठ पुसायची, चादर बदलायची, सगळं वेळच्या वेळी, पण मुक्याने.

एका रविवारी फोन आला. भिंगरी पडली होती. सायकलला फारसं काही झालं नाही, हेल्मेट मात्र मधोमध तडकलं होतं. खुब्याचं हाड मोडलं, कोपराचा चुरा झाला. ती पुन्हा चालू लागेल, पण हात पुरता सरळ होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"हेल्मेट होतं म्हणून वाचली," भाऊ चाचरत म्हणाला.

"सायकलच नसती तर गेली असती का तिथे?" वहिनी म्हणाली.

भिंगरीला घरी आणलं, त्या संध्याकाळी वहिनी धुतलेल्या चादरी घेऊन काकाच्या खोलीत आली.

"आता दोन अंथरुणं बदलायची आहेत. आधी तुमचं की तिचं? निवडा. निवडता छान येतं तुम्हाला."

काकाने भावाला सांगून अपंगांच्या आश्रमात जागा बघायला लावली. भाऊ एकदाच म्हणाला, "राहा रे." दुसऱ्यांदा म्हणाला नाही. बॅग वहिनीनेच भरली, प्रत्येक सदऱ्याची नीट घडी घालून.

पलीकडच्या खोलीतून भिंगरी ओरडली, "काका, आई सायकल विकायला निघालीय! तू सांग तिला!"

काका भिंगरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "विकून टाका, वहिनी."

वहिनीचे हात क्षणभर थांबले. मग तिने बॅगेची चेन ओढून लावली.