खांबाखालची सावली

नवऱ्याची भाकरी घेऊन ग्रोझदाना भर उन्हात बांधकामावरून गेली, एवढाच तिचा गुन्हा. तुर्क गेल्यावर डॅन्यूबकाठच्या आम्हा बल्गार लोकांना कॅथेड्रल हवं होतं, तेही मशिदीला खाली मान घालायला लावणारं. चार खांबांवर तोललेला घुमट, आणि घुमटात गावाकडे डोळे वटारून बघणारा ख्रिस्त. पण एक खांब सारखा खचायचा. शेवटी मुख्य गवंड्याने जुनी रीत पाळली. पहिल्या येणाऱ्या बाईची, म्हणजे ग्रोझदानाची, सावली लाल दोऱ्याने गुपचूप मापली आणि दोरा खांबाच्या पायात पुरला. सावली गाडली की चाळीस दिवसांत माणूस मरतं आणि त्याचा जीव बांधकाम धरून ठेवतो.

गुपचूप कसलं डोंबलाचं! संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चाळिसाव्या दिवशी सासूने मयताच्या नावाने वाटायचे गोड गहू शिजवूनसुद्धा ठेवले. ग्रोझदाना मेली नाही. गहू वाया जायला नकोत म्हणून तिलाच वाढले. तिने खाल्ले, वर साखर कमी पडली म्हणाली.

मेली असती तर गावाने तिच्या नावाने मेणबत्त्या लावल्या असत्या. जगली, ते कुणाला सोसवलं नाही. नवरा नदीपलीकडे गेला तो गेलाच. पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा सगळं गाव ढसाढसा रडलं, आणि हिला मात्र दाराबाहेर उभं केलं. मेल्यांना लाज नाही वाटली. लोकांची धुणी धुऊन तिने पोटच्या पोराला, मिन्कोला वाढवलं, गवंडी केलं. तिच्या ताटात जेवणारा तेवढा एकच उरला होता.

पुढे त्याच खांबाला तडा गेला आणि दुरुस्तीचं काम मिन्कोकडे आलं. घुमट पडला तर पोराचं नाव मातीत जाणार. ग्रोझदाना पहाटे चोरून जायची, चुन्यात अंड्याचा पांढरा बलक कालवून तडा बुजवायची. तडा वाढतच राहिला.

ईस्टर तोंडावर आला तसा मिन्को एका दुपारी अंगणात येऊन बसला.

"लोखंडी पट्टे घातले, आई. तरी खांब ऐकत नाही. लोक म्हणतात, त्याला त्याचं माणूस अजून मिळालेलं नाही."

पोरगं लोकांच्या बोलण्याने पिचलंय, त्याला जरा हसवावं, असं तिला वाटलं. ती उठून उन्हात उभी राहिली.

"मग घे की परत मापून. आता वाकलेय, दोराही कमी लागेल."

मिन्को हसला नाही. त्याने खिशातून लाल दोऱ्याची गुंडी काढली आणि तिच्या पायाशी बसला.

"हलू नकोस," तो म्हणाला.