सगळ्यांचा एकच पासवर्ड

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते. त्या प्रकरणापायी माझी बदली झाली. पश्चात्ताप तेव्हाही नव्हता, आजही नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कोल्हापुरातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळी साडेअकराला निनावी फोन आला की, एका कॉलेजात सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईनं प्रवेशाची गुणवत्ता यादी पुसली आहे. अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली. एक वाजता संस्थेचे सेक्रेटरी तक्रार घेऊन हजर. म्हणाले, यादी दुपारी फलकावर लावायची होती, आत्ता उघडून बघतोय तर गायब. म्हणजे संस्थेच्या तक्रारीच्या दीड तास आधी फोन करणाऱ्याला ठाऊक होतं! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बाईला ते सोबतच घेऊन आले होते; शिरोळकडची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. सेक्रेटरींनी माफीनामा टाइप करूनच आणला होता.

"चुकून झालं म्हणून सही कर पोरी. नोकरी जाईल, पण अटक तरी टळंल."

"चुकून बी झालं न्हाय, मुद्दाम बी न्हाय. सही करत न्हाय. घाला आत."

सेक्रेटरींना बाहेर बसवून मी विचारलं, "ताई, सर्व्हरवर आणखी कोण जातं?"

"सगळीच जात्यात, साहेब. रूट नावाचं एकच खातं, एकच पासवर्ड. प्रत्येकाला आपापलं खातं द्या म्हणून मी दोनदा लिहून दिलं. सेक्रेटरी म्हणाले, आपण घरचीच माणसं, वेगळी चूल कशाला मांडतीस?"

"मग कोण गेलं होतं, ते कळणार कसं?"

"कोण ते न्हाय कळणार. कुठनं गेलतं, ते कळंल. सर्व्हरलाच इचारा की."

दोन पंच घेऊन आम्ही कॉलेजात गेलो. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. ती चार हात लांब उभी राहिली. "मी बोट लावलं तर उद्या म्हणतील हिनंच बदललं. तुम्ही टाइप करा." फिर्याद टाइप करून बसलेला हात होता माझा. ती सांगेल ते एकेक अक्षर दाबलं. 'लास्ट' म्हटल्यावर कोण कधी आत आलं त्याची यादी आली. नाव सगळीकडे रूटच, पण शेजारी यंत्राचा क्रमांक. नऊ वाजता तिच्या यंत्रावरून, साडेनऊला बाहेर. मग अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसराच क्रमांक, आणि त्यानंतर पाऊण वाजेपर्यंत कुणी नाही. क्रमांक जुळवत फिरलो. ते यंत्र सेक्रेटरींच्या केबिनमध्ये निघालं.

"केबिनची किल्ली कुणाकडं असते?" मी शिपायाला विचारलं.

"साहेबांच्याच खिशात असती," तो खाली बघून म्हणाला.

मग 'हिस्ट्री' मागवली, म्हणजे दिलेले हुकूम ओळीने. शेवटाकडे यादी पुसल्याचा हुकूम, आणि त्याखाली तीन वेळा एकच हुकूम: फाइली दाखव. यादी खरंच गेली का, हे पुसणाऱ्याने तीनदा बघितलं होतं. माझ्या नोकरीत असे खूप पाहिले. गुन्हा करणाऱ्याला मागे वळून बघितल्याशिवाय राहवत नाही.

कागद समोर ठेवल्यावर सेक्रेटरी खुर्चीत बसले. "यादीत आमची माणसं बसत न्हवती," एवढंच म्हणाले. बाईवर आळ यावा म्हणून निनावी फोनही त्यांनीच केला होता.

संध्याकाळी वरून फोन आला. संस्था मोठी आहे, बाईची सही घ्या आणि मिटवा. मी म्हटलं, "साहेब, हा आदेश डायरीत नोंदवतो. आपल्या नावानेच ना?" फोन ठेवला गेला. मी सेक्रेटरींना अटक केली. यादी त्या बाईने टेपवर राखून ठेवलेल्या प्रतीतून पुन्हा उभी केली.

महिन्याभरात मला गडहिंग्लजला धाडलं. खुशाल गेलो. एक गोष्ट मात्र मनात पक्की झाली होती. सगळ्यांच्या नावावर केलेलं काम शेवटी सर्वांत लहान माणसाच्या गळ्यात पडतं. नव्या ठाण्यात पहिल्याच दिवशी हवालदार डायरी घेऊन आला. "तिघांच्या वतीनं मीच सही करतो साहेब, नेहमीचंच हाय." मी डायरी परत केली. "तिघांना बोलवा. ज्याची त्याची सही."

पुढे तिचं पोस्टकार्ड आलं. संस्थेने कामावर परत बोलावल्यावर तिने एकच अट घातली होती. खाली दोन ओळी होत्या: "साहेब, आता सर्व्हरवर प्रत्येकाचं नाव हाय. माझं बी."