गच्चीवरच्या सळया

पुएब्ला शहराच्या दक्षिणेकडच्या वस्तीत बहुतेक घरांच्या गच्चीवर सळया उभ्या दिसतात. मुलगा लग्न करील, वर खोल्या चढवील, या भरवशावर घरमालक कॉलमच्या सळया न कापता तशाच सोडतो आणि गंजू नयेत म्हणून त्यांवर सोड्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या उपड्या घालतो. वास्तुविशारद एलेउतेरिओ सामाकोना यांच्याही गच्चीवर अशा बाटल्या होत्या. उन्हाने त्या पार दुधाळ झाल्या होत्या.

सामाकोनांनी वास्तुकलेच्या महाविद्यालयात अर्धे आयुष्य बांधकाम शिकवले. त्यांनी डोंगराळ भागात असंख्य शाळा उभारल्या, असे विद्यार्थी सांगत. नोंदींत दोनच सापडतात, आणि त्याहून अधिक असल्याचे त्यांनी स्वतः कधी म्हटल्याचे दिसत नाही. त्यांची एक सूचना मात्र सर्वांना पाठ होती : मालक सांगेपर्यंत सळयांना हात लावायचा नाही, ती कोणाच्या तरी येण्याची जागा असते.

आता त्यांच्याच सळयांवाटे गंज स्लॅबमध्ये उतरला होता. बिछान्यावर छताचे पोपडे पडत. वास्तुविशारद म्हणून त्यांना 'आर्की' अशी हाक मारणारा त्यांचा जुना गवंडी क्रिसोफोरो वर जाऊन पाहून आला.

"आर्की, एक तर मजला चढवा, नाहीतर कापू द्या."

"रविवारी सांगतो."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालात. छत काय तुमच्या सवडीनं पडणार आहे?"

रविवारी मुलीचा, निएवेसचा, फोन येई. ती दूर उत्तरेला तिहुआनात नोकरीला गेली, तेव्हाच त्यांनी तिच्यासाठी वरच्या मजल्याचा आराखडा काढला होता. जिना बाहेरून ठेवला होता. म्हणजे येताजाता तिला बापाची परवानगी लागू नये. पत्नी वारल्यावर त्या आराखड्यात त्यांनी एक खिडकी वाढवली, एवढेच.

"स्वयंपाकघर पूर्वेला घेऊ का गं?" त्या रविवारी त्यांनी विचारले.

"कुठलं स्वयंपाकघर, पापा?"

"वरचं."



"पापा, आम्ही इथं घर घेतलंय. मागच्याच वर्षी."

"बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी? फोन उचलला की तुमचा जिना सुरू."

"चांगलं आहे का घर?"

"लहान आहे. पण आमचं आहे."

"गळत नाही ना?"

"नाही, पापा."

दुसऱ्या दिवशी क्रिसोफोरो कटर घेऊन आला. सामाकोनांनी बाटल्या आपल्या हातांनी काढल्या; काहींच्या तोंडाशी कोळ्यांनी जाळी विणली होती. गवंड्याने यंत्र खाली टेकवले आणि मान वर केली.

"स्लॅबच्या बरोबरीनं कापू, की वीतभर ठेवू? उद्या मन बदललं तर जोड देता येईल."

वीतभर ठेवलेली सळई पुन्हा गंजते, हे ते वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत आले होते.

"बरोबरीनं," ते म्हणाले.

क्रिसोफोरोने कटर सुरू केला. मग ठिणग्या उडू लागल्या.

दुपारपर्यंत सबंध गच्ची मोकळी झाली. तिच्यावर कुठे उभे राहावे, हे त्यांना काही वेळ कळेना.