नानांचे जोड

परवा नेरूळच्या घरी मिक्सरचं बटण बदलताना सोल्डरिंगची राळ जळाली आणि त्या वासाने मी थेट रबाळ्याच्या कारखान्यात जाऊन बसलो. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. नाना आणि मी शेजारी बसून मीटर दुरुस्त करायचो. झिजलेले स्विच बदलायचे, कच्चे जोड पक्के करायचे. पक्का जोड चकाकतो, कच्चा मातकट दिसतो, हे मला नानांनीच शिकवलं होतं.

त्यांच्या दहा जोडांतले तीन-चार मातकट दिसू लागले, तेव्हा मी काही बोललो नाही. ते चहाला गेले की त्यांचे मीटर उघडून मी पुन्हा सोल्डर करायचो. तेवढीच गुरुदक्षिणा, असं वाटायचं.

एका दुपारी ते चहाहून लवकर परतले. "बायको मागे लागलीय, डोळे दाखवा म्हणून. तिला म्हटलं, नजर गेली असती तर माझा एक तरी मीटर परत आला असता की नाय?"

त्यांचाच मीटर माझ्या हातात होता. जोड अजून गरम होता.

"दाखवून तर या, नाना."

"तू पण तिच्याच पार्टीतला! आधी तुझे जोड बघ."

ते हसले. मीही हसलो.

डॉक्टरांकडे ते फार उशिरा गेले. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे तेव्हा कळलं.

मिक्सर सुरू झाला. "छान जमतं हो तुम्हाला," बायको म्हणाली.

"नानांनी शिकवलं," मी म्हणालो. पुढचं तिला अजून सांगितलेलं नाही.