उर्सुला मठात चालली

उर्सुला मठात चालली हे ऐकलं आणि तिच्या मैत्रिणीच्या, हेमांगीच्या हातातला चहा हातातच राहिला. पाचूबंदरची उर्सुला! पापडी गावच्या मासळीबाजारात जिची हाक वाहनांच्या हॉर्नलाही हरवायची. गिऱ्हाइकानं घोळ जास्तच दाबून पाहिली, तर "भाऊ, सोयरीक जमवताय का? घ्या नाहीतर ठेवा!" म्हणणारी. ती म्हणे आता जोगिणींच्या, म्हणजे ख्रिस्ती नन्सच्या मठात, जाळीच्या आड राहणार. दिवसाचा बराच वेळ मौन!

"तू? मौन?"

"ओरडून ओरडून घसा बसला गं," उर्सुला हसली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "खरंच जायचंय, हेमांगी. जीव तिकडंच ओढतोय नुसता. पण पप्पा हो म्हणाले तरच. त्यांना रडवून कसली प्रार्थना?"

पप्पा म्हणजे बॅप्टिस्ट तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीवरचा म्होरक्या, खलाशी त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच.

अंगणात तो फाटलं जाळं शिवत बसला होता. उर्सुला हेमांगीला घेऊन विषय काढायला गेली, तेवढ्यात शेजारच्या आशालता मावशी नारळ घेऊन आल्या.

"मठात चाललीस म्हणे! बरं केलंस. गुरुवारी माझ्याबरोबरच चल. स्वामींची आरती झाली की घरी."

बॅप्टिस्टचा चेहरा उजळला. "घरी? मग जा की बाय! मी कुठं नाय म्हनतो?"

"तो मठ नाही हो पप्पा," उर्सुला म्हणाली. "आमच्या मठातून परत येत नाहीत."

"परत नाय यायचं, तो कसला मठ? तुरुंगच तो."

हेमांगीनं आपलं मराठीतलं एम.ए. पणाला लावलं. "काका, मठ म्हणजे मुळात विद्यार्थी राहतात ती जागा."

"पोरी, हिची शाळा कवाच सुटली."

उर्सुला बापाच्या पायाशी बसली.

"पप्पा, बोटीवर दिवस दिवस राहता. बाहेर पडायला दार असतं?"

"समुद्रात कसलं दार!"

"माणसं?"

"तीच ती. भांडली तरी तीच. जायचं कुठं, पान्यात?"

"कालवण?"

"एकाच टोपातलं."

"आणि रात्री?"

"एक झोपतो, दुसरा जागतो. पाळी लावाय लागते."

"मग कोन विचारतं तुमाला, तुरुंगात होता काय? मठातपन तसंच, पप्पा! घंटा झाली की उठायचं. एकच चूल. ज्याचं त्यानं काम करायचं, आनि सगळ्या जगासाठी जागायचं!"

मावशी नारळ पोटाशी धरून उभ्याच.

बॅप्टिस्टची सुई थांबली. "बोट परत येते, बाय."

उर्सुलानं खाली पाहिलं. "तुमाला भेटाय येता येईल. जाळीतून बोलता येतं."

"जाळीतून?" त्यानं मांडीवरच्या जाळ्याकडे पाहिलं. नाक ओढलं. "तुमचा तांडेल कोन?"

"मदर."

"कडक हाय?"

"तुमच्याहून!"

"मग जा."

उर्सुलानं अशी किंकाळी फोडली की कौलावरचे कावळे उडाले. मावशींनी तिला कवटाळलं, हेमांगीनं दोघींना. बॅप्टिस्टनं लेकीला ओढून पुढ्यात बसवलं. अंगठ्यानं तिच्या कपाळावर क्रूस काढला.

"आनि ऐक," तो म्हणाला. "तांडेलाला उलट बोलायचं नाय."