एक हजार नऊ शेंगदाणे

ये ग, अशी जवळ बस. तो मोबाइल आधी पालथा ठेव. गणिताचं नाव काढलं की तोंड वाकडं करतेस, कुणी शिकवलं तुला हे? मी चौथीनंतर शाळा पाहिली नाही, तरी या वयात मूळ संख्येच्या नादी लागले. का, ते ऐक.

माझी नात धुळ्याला होस्टेलवर राहून गणित शिकते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी ये म्हणून मी रोज फोन करायची, पण तिची परीक्षा तोंडावर. शेवटी म्हणाली, "आजी, पैज लाव. एक हजार नऊ ही मूळ संख्या आहे का, स्वतः शोधून सांग. जमलं तर एक दिवस का होईना, येते."

मूळ संख्या कशी ओळखायची तेही तिनंच सांगितलं होतं. तेवढ्या वस्तू सारख्या ओळींत मांडायला जा, दर वेळी काहीतरी उरतंच.

चोपड्याहून भावानं नव्या शेंगा पाठवल्या होत्या. एक हजार नऊ दाणे मोजले, चादर अंथरली नि तीन-तीनच्या ओळी लावत बसले. शेजारच्या अक्का आल्या.

"काय व माय, बठ्ठा दाणा मोजी मोजी खाशी का?"

"सगळे मोजले, पण खायला नाही. नातीला घरी आणतेय, अक्का. बसा, पण हात लावू नका."

शेवटची ओळसुद्धा पूर्ण भरली! मी लगेच फोन लावला. "नाही ग तुझी संख्या मूळ. तीननं भाग जातो."

"असं? आता दोन-दोन मांड बरं."

मांडले. एकही उरला नाही. विषम आकडा, नि सगळ्या जोड्या पूर्ण? मी अक्कांकडे वळले. "अक्का, तोंड उघडा."

"मना तोंडमा दात तरी शेतस का?"

खरंच, एकही दात नव्हता. मग नजर देव्हाऱ्याकडे गेली. नवं काही घरात आलं की एक दाणा देवाला, ही आमची रीत. मोजून झाल्याबरोबर हातानं सवयीनं तो तिथे नेऊन ठेवला होता! फोनवर नात हसून बेजार. "जा आजी, हे उत्तर धरत नाही. पुन्हा मांड."

देवाला हात जोडून दाणा परत घेतला. दोनच्या नि तीनच्या ओळींत एक उरला, सातच्या ओळींतही एक, अकराला आठ. चारच्या, सहाच्या ओळी लावल्याच नाहीत. दोनला जे जमलं नाही ते त्यांना कुठून जमणार? असं करत एकतीसवर आले. एकतीस-एकतीसच्या बत्तीस ओळी झाल्या, वर सतरा उरले. अक्का चादरीच्या दुसऱ्या कडेला बसलेल्या. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्याच बत्तीस-बत्तीसच्या एकतीस ओळी! म्हणजे ओळ आणखी लांब केली तर ओळी कमी होणार, नि तसली मांडणी आडव्या बाजूनं आधीच बघून झालेली. थांबले तिथेच.

"मूळ आहे," मी फोनवर सांगितलं.

"एकतीसलाच का थांबलीस?"

"अक्कांच्या जागेवर येऊन बस, कळेल."

नात म्हणाली, "सकाळच्या बसनं निघते, आजी."

आली, आखाजीचे झोके पोटभर घेतले, नि पैजेचे दाणे अक्कांना कुटून दिले. देवाचा तेवढा परत देव्हाऱ्यात.

तू पण निघालीस का आता? बरं, पण फार दिवस लावू नको हं. येताना एखादा मोठा आकडा घेऊन ये, चादर मी काढून ठेवते.